नोरेनखालून आत: तोक्योतल्या गल्लीतल्या खाणावळीत जेवायला जाताना

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. मी दार सरकवलं, तर आतल्या आजींनी दोन्ही हात छातीसमोर आणून फुलीसारखे धरले. जपानमध्ये फुली म्हणजे 'नाही'. आत चार माणसं निवांत जेवत होती, पातेल्यातून वाफ येत होती, आणि मला मात्र नाही. परदेशी म्हणून हाकललं, असं मनाशी ठरवून मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे सटरफटर सगळं मिळणाऱ्या छोट्या दुकानातून, भाताचा एक गार त्रिकोण घेतला आणि चरफडत खाल्ला.

तो राग फुकटचा होता, हे कळायला काही महिने गेले. त्या दुकानात नऊ खुर्च्या आहेत. आजोबा शिजवतात. आजी वाढतात, भांडी घासतात, पैसे घेतात. दीडला शेवटची ऑर्डर, दोनला दार बंद. मग पाचपर्यंत त्यांचं स्वतःचं जेवण, रात्रीची चिराचिरी, आणि जमलं तर अर्धा तास डोळा. दाराबाहेरचा कापडी पडदा त्यांनी केव्हाच आत घेतला होता. मीच तो पाहिला नव्हता.

नऊ खुर्च्या आणि चार हात. गल्लीतल्या खाणावळीचे जवळजवळ सगळे रीतिरिवाज या हिशेबातून निघतात. तो डोक्यात ठेवला तर नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

मी राहतो निशी-कासाईला, तोक्योच्या एदोगावा वॉर्डात. स्टेशनवर कानावर मराठी पडावं इतकी आपली माणसं इथे आहेत. 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. आपली माणसं इतकी, त्यामुळे पाहुण्यांचा राबता असतो. प्रत्येक पाहुण्याला तेच तेच सांगून झाल्यावर वाटलं, एकदा लिहूनच काढावं.

कुठलं दुकान आणि किती वाजता

'जपानी रेस्टॉरंट' असं एकच काही नसतं. गल्लीत साधारण चार प्रकार भेटतात. शोकुदो किंवा तेइशोकुया म्हणजे आपली राइस प्लेटवाली खाणावळ. सोबाया म्हणजे सोबा-उदोनच्या शेवयांचं दुकान. माची-चूका म्हणजे जपानी वळणाचं चिनी: ग्योझा (सारण भरलेली डंपलिंग), फ्राइड राइस, रामेन (रश्शातल्या शेवया). आणि संध्याकाळी लाल कागदी कंदील पेटतो ते इझाकाया, जिथे पिणं आधी आणि जेवण त्याच्या जोडीला. पहिल्यांदा जात असाल तर दुपारी तेइशोकुयात जा. तिथे निवड सोपी, पैसे कमी आणि चुका खपून जातात.

दारावर लटकणारा कापडी पडदा म्हणजे नोरेन. तो बाहेर असेल तर दुकान उघडं, आत घेतला असेल तर बंद, मग आत दिवे का असेनात. दुपारची वेळ साधारण साडेअकरा ते दोन, रात्रीची पाच-साडेपाचपासून पुढे. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी. आठवड्याची सुट्टी दुकानागणिक वेगळी असते, आणि नकाशाच्या ॲपमधल्या वेळा छोट्या दुकानांच्या बाबतीत शिळ्या असू शकतात. दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असेल तर आधी त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. 'आजोबांच्या गुडघ्यामुळे आज बंद' असंही त्यावर लिहिलेलं मी वाचलंय.

बारा ते एक ही ऑफिसवाल्यांची वेळ. साडेअकराला किंवा सव्वा वाजता गेलात तर आजींनाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

ताबेलोग नावाच्या साइटवर लोक दुकानांना गुण देतात. तिथे हात फार आखडता असतो. साडेतीन म्हणजे उत्तम, आणि तीनच्या थोडं वर असलेली कितीतरी दुकानं मस्त असतात. आपल्याकडच्या साडेचारच्या सवयीने बघाल तर सगळं तोक्यो टाकाऊ वाटेल.

आता माणसं किती, हा नाजूक मुद्दा. दोघं जा, फार तर तिघं. पुण्याहून आलेलं सहा जणांचं कुटुंब, त्यात एक बाबागाडी आणि विमानतळावरून थेट आलेल्या दोन बॅगा, हे नऊ खुर्च्यांच्या दुकानात मावत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, जागाच नाही. सहा जण असाल तर दोन टेबलांवर वेगवेगळं बसायची तयारी ठेवा, नाहीतर मोठ्या साखळी दुकानात जा. इझाकायाला जायचं असेल तर हॉटेलच्या काउंटरवरून फोन करून जागा धरून घ्या, आणि धरली की जाच. चार जणांनी शब्द देऊन टांग मारली तर त्या संध्याकाळची निम्मी कमाई बुडते.

दारातून आत

दार बहुतेक सरकतं असतं. ढकलत बसू नका. नोरेन हाताने किंचित बाजूला करून, मान थोडी वाकवून आत शिरायचं. 'इराश्शाइमासे!', म्हणजे 'या, या!', अशी आरोळी येईल. तिला उत्तर द्यायचं नसतं. हसून मान झुकवली की झालं. बोटांनी आकडा दाखवा, किंवा एकटे असाल तर 'हितोरी देस', दोघं असाल तर 'फुतारी देस' म्हणा. मग थांबा. रिकामी खुर्ची दिसली म्हणून जाऊन बसायचं नाही. ती कदाचित रोज सव्वा बाराला येणाऱ्या एखाद्या काकांची असेल.

काही दुकानांत, विशेषतः रामेनच्या, दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाका, मग बटण दाबा, तिकीट काउंटरवर ठेवा. जुनी यंत्रं फक्त 1000 येनची नोट घेतात. त्यातही 3 जुलै 2024 रोजी जपानने नव्या नोटा काढल्या, आणि यंत्र बदलायचा खर्च न परवडणाऱ्या काही छोट्या दुकानांत नवी नोट चालत नाही. चालत नसली तर यंत्रावर तसा कागद डकवलेला असतो. खिशात नाणी ठेवा, सगळ्यात सोपं तेच.

पाऊस असेल तर छत्री दाराशी उभी करायची. आत उंचावर तातामी चटयांची बैठक असेल तर तिच्या कडेला चपला-बूट काढायचे, टोकं दाराकडे करून. इथे मोज्यांचं भोक जगजाहीर होतं, म्हणून प्रवासाला निघतानाच चांगले मोजे घ्या. आणि शौचालयापाशी वेगळ्या सपाता असतील तर त्या आतच ठेवून या. माझे एक मामा त्याच सपाता घालून टेबलापर्यंत आले होते. अख्खं दुकान अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे बघत होतं.

बसल्यावर

पाणी किंवा चहा फुकट येतो. ओला टॉवेल येतो, तो हात पुसायला. उन्हातून आल्यावर त्याने तोंड-मान पुसायचा मोह होतो, पण आवरा.

मग कुणीही येत नाही. 'काय घेणार?' असं विचारायला उभं राहणारं माणूसच दुकानात नसतं. ठरलं की जरा मोठ्याने 'सुमिमासेन!' म्हणायचं. हात वर केला तरी चालतं; चुटकी किंवा टाळी मात्र नको. आपल्याकडे खाणावळीत 'मावशी' म्हणतात तसं इथले रोजचे लोक आजींना 'ओकाआसान' म्हणतात, म्हणजे आई. तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ द्या. तोवर 'सुमिमासेन' पुरे.

मेनू भिंतीवर कागदाच्या उभ्या पट्ट्यांवर लिहिलेला असेल आणि भाषांतराचं ॲप त्या हस्ताक्षरापुढे हात टेकेल. तेव्हा दोन वाटा. शेजारच्याच्या ताटाकडे हळूच हात करून 'ओनाजी मोनो ओ कुदासाई', म्हणजे 'तेच मला द्या'. किंवा 'हिगावारी तेइशोकु' मागा. हिगावारी म्हणजे रोज बदलणारं. त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं ते त्यात असतं, आणि ते आधीच तयार असल्याने झटकन येतं. तेइशोकुच्या ताटात भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, लोणच्याचे दोन-तीन तुकडे, एखादी छोटी वाटी आणि मुख्य पदार्थ: भाजलेला मासा, आल्यातलं डुकराचं मांस, तळलेली कोंबडी. तोक्योत साधारण 900 ते 1200 येन. भात कमी हवा असेल तर आधीच 'गोहान सुकुनामे दे' म्हणा. ताटात टाकलेला भात आजींना बोचतो, आणि उरलेलं बांधून देण्याची पद्धत नाही.

माणशी निदान एक पदार्थ मागवायचा. दोघांत एक ताट म्हणजे नऊपैकी एक खुर्ची फुकट गेली. आणि 'सॉस वेगळा द्या, कांदा काढा, तिखट वाढवा' हे इथे चालत नाही. आजोबांचा तो पदार्थ चाळीस वर्षं तसाच आहे. तिखट हवंच असेल तर टेबलावर शिचिमी नावाच्या मिरचीमिश्रित पुडीची बाटली असते. तिच्यावर मनसोक्त हात चालवा, कुणी काही म्हणणार नाही.

शाकाहारी असाल तर

हा भाग सगळ्यात अवघड, आणि त्यावर गोड गोड बोलून काही साधत नाही. गल्लीतल्या खाणावळीत काटेकोर शाकाहाऱ्याचे हाल होतात, ते दाशीमुळे.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं पाणी. आपण फोडणीवर उभे, ते दाशीवर. कात्सुओ नावाचा ट्यूनाच्या कुळातला मासा उकडतात, धुरावर धरतात, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याचे पातळ कीस काढतात. हे कात्सुओबुशी. गरम पाण्यात ते क्षणभर टाकून गाळलं की दाशी तयार. काही घरांत त्याऐवजी निबोशी, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी वापरतात. कोकणातल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल. समुद्री शेवाळाची, कोंबूची दाशीही असते आणि ती शुद्ध शाकाहारी, पण रोजच्या दुकानात ती बहुधा कात्सुओबुशीबरोबरच असते.

म्हणून दिसायला शाकाहारी असलेलं पुष्कळ काही शाकाहारी नसतं. मिसो सूपमध्ये फक्त टोफू दिसतो, पण पाणी मासळीचं. शिजवलेला भोपळा, पालक, मुळा, सगळे दाशीत. सोबा-उदोनचा रस्सा तसाच, आणि गार सोबा ज्यात बुडवायचा ती त्सुयूही. नात्तोबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनबरोबर) येणाऱ्या सॉसच्या पुडीतही बहुधा मासळीचा अर्क. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम. टेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात अंडं, आणि तेल कोळंबी तळलेलंच. जपानी 'करी राइस' बघून आपल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. तर त्याच्या तयार मसाल्याच्या वडीत बऱ्याचदा प्राण्याची चरबी असते.

सोबा कुट्टूच्या पिठाचा असतो, तेव्हा उपासाला चालेल का, असं माझ्या आईने विचारलं होतं. नाही चालत. बहुतेक ठिकाणी त्यात गहूही मिसळलेला असतो, आणि त्सुयूचं वर सांगितलंच. शिवाय कुणाला कुट्टूची ॲलर्जी असेल तर सोबाच्या दुकानापासून लांबच राहा. ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते, आणि एकाच पाण्यात सगळ्या शेवया उकडतात.

मग करायचं काय? आधी स्वतःशी ठरवा की दाशी चालणार की नाही. चालत असेल तर नव्वद टक्के अडचण संपली. नसेल तर 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका. पुष्कळांना त्याचा अर्थ 'मांस नको' एवढाच वाटतो आणि मासा समोर येतो. नेमकं सांगा: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देस.' मांस-मासे खाऊ शकत नाही, दाशीही नको. हे जपानीत लिहून मोबाइलवर तयार ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी, बसायच्याही आधी, दाराशी दाखवा. म्हणजे 'आमच्याकडे काही नाही हो' असं सांगणं त्यांनाही सोपं जातं आणि तुम्हालाही दुसरीकडे जाता येतं. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नका. मग ते बिचारे तवा घासण्यापासून सुरुवात करतात.

जे बहुधा मिळू शकतं ते असं: पांढरा भात, उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, काकडी आणि मिसो, मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या, आणि हियायाक्को म्हणजे गार टोफू. या टोफूवर कात्सुओबुशी भुरभुरवतात, म्हणून 'कात्सुओबुशी नाशी दे' म्हणा आणि आलं-सोया सॉसबरोबर खा. सुशीच्या दुकानात कप्पा-माकी, म्हणजे काकडीचा भातातला रोल. यात पोट भरतं, मन भरेलच असं नाही. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी गल्लीचा नाद सोडून देवळांशी जोडलेलं शोजिन र्योरी जेवण आधी सांगून ठेवावं. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही टाळतात.

एक मार्ग मात्र खरोखर चालतो. आई आली तेव्हा मी आदल्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, फुलीवाल्या आजींकडे गेलो आणि कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबूच्या पाण्यात भोपळा आणि शिताके मशरूम शिजवून ठेवले होते. त्याच दिवशी, भर बारा वाजता मागितलं असतं तर पुन्हा फुलीच दिसली असती.

बीफ किंवा पोर्क यांपैकी एकच वर्ज्य असणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. हांबागु नावाच्या खिम्याच्या वड्यात बऱ्याचदा दोन्ही मिसळलेले असतात. निकुजागा या बटाट्याच्या रश्शात तोक्योकडे बहुधा डुक्कर, ओसाकाकडे गाय.

जेवताना

ताट आल्यावर हात जोडून हळू आवाजात 'इतादाकिमास' म्हणायचं. जेवणाआधी श्लोक म्हणायची सवय असलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

काड्यांचे बारीकसारीक नियम पुष्कळ आहेत. दोन मात्र मोडायचे नाहीत. भातात काड्या उभ्या खोचू नका. तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. आणि काडीतून काडीत घास देऊ नका, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाचा भात ताटात वाढल्यावर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं. बाकी काड्या जमल्या नाहीत तर चमचा मागा: 'सुपून ओनेगाइ शिमास'. कुणी हसत नाही.

भाताची आणि सूपची वाटी हातात उचलून तोंडाजवळ न्यायची. सूप वाटीलाच तोंड लावून प्यायचं. आणि शेवया खाताना आवाज करायचा. लहानपणी कढीचा भुरका मारल्याबद्दल धपाटा खाल्लेल्या माणसासाठी हा केवढा सुखद देश! गरम शेवई हवेबरोबर ओढली की तोंड भाजत नाही आणि वासही नीट कळतो. पांढऱ्या भातावर सोया सॉस ओतू नका, एवढं सांभाळा.

सोबाच्या दुकानात शेवटी एक छोटी किटली येते. तो चहा नव्हे. सोबा उकडलेलं पाणी, सोबायू. उरलेल्या त्सुयूत ओतून प्यायचं. भाताच्या पेजेची आठवण येते.

संपल्यावर रेंगाळायचं नाही. रामेन असेल तर वीस मिनिटं, तेइशोकु असेल तर अर्धा-पाऊण तास. दाराबाहेर रांग असेल आणि तुम्ही रिकाम्या ताटासमोर मोबाइल चाळत असाल, तर आजी काही बोलणार नाहीत. बाहेरचे पाच जण मात्र मनातल्या मनात बोलत असतील. फोटो काढायचा तर आपल्या ताटाचा काढा. आजोबांचा किंवा शेजाऱ्याचा काढायचा असेल तर 'शाशिन इइ देस का' असं विचारून.

इझाकायाचं थोडं वेगळं

इथे बसल्या बसल्या न मागितलेली छोटी वाटी समोर येते. ती ओतोशी, आणि तिचे 300 ते 500 येन बिलात लागतात. फसवणूक नाही, बसण्याचं भाडं समजा. आधी पेय सांगायचं, मग सावकाश दोन-दोन पदार्थ. इथे वाटून खाणं चालतं, रेंगाळणंही. दारू न पिणाऱ्यांनी ऊलाँग चहा मागावा. दारूचं वय 20. एप्रिल 2020 पासून जपानभर दुकानांत धूम्रपानाला बंदी आहे, पण काही जुन्या छोट्या दुकानांना सूट मिळाली. दारावर तशी पाटी असेल तर तिथे 20 वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही.

पैसे आणि बाहेर

'ओकाइकेई ओनेगाइ शिमास' म्हणा, किंवा दोन तर्जन्यांची छोटी फुली करून दाखवा. हातांची मोठी फुली म्हणजे नाही, बोटांची छोटी फुली म्हणजे बिल. यात गल्लत करू नका. टेबलावर चिठ्ठी ठेवली असेल तर ती घेऊन दाराजवळ पैसे द्यायला जायचं. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. रोख ठेवाच, कार्ड न घेणारी दुकानं अजून पुष्कळ आहेत. बसून खाल्लं तर 10 टक्के कर, बांधून नेलं तर 8. पाटीवरचा आकडा करासकट आहे का, ते बघून घ्या. सहा जणांची सहा वेगळी बिलं करायला लावू नका, हिशेब बाहेर रस्त्यावर करा.

टिप द्यायची नाही. टेबलावर 200 येन ठेवून निघालात, तर आजी ते विसरले समजून चौकापर्यंत धावत येतील, आणि तेवढा वेळ दुकानात दोनच हात उरतील.

काउंटरवर बसला असाल तर ताट वरच्या फळीवर उचलून ठेवा, म्हणजे त्यांना वळसा घालून यावं लागत नाही. निघताना आजोबांच्या दिशेने 'गोचिसोसामा देश्ता', म्हणजे 'जेवणाबद्दल आभार', म्हणा. कढईच्या आवाजातही त्यांना ते ऐकू जातं. आणि दार मागे वळून सरकवून बंद करा. जुनी दारं आपोआप बंद होत नाहीत, आणि हिवाळ्यात दाराजवळच्या खुर्चीवरचा माणूस गारठतो.